न पिणाऱ्याचा दाखला

आमच्या रूपेशचं लग्न ठरलं ते साल २००६. तारखा मला पक्क्या आठवतात, कारण अक्षरं मी पंचेचाळिशीत शिकलो आणि तेव्हापासून घडेल ते वहीत लिहायची खोड लागली. ज्यांच्या हाती लहानपणीच पाटी आली त्यांना हा आजार होत नाही. साक्षरतेच्या वर्गाच्या शेवटच्या दिवशी बाईंनी विचारलं होतं, "पिलणकर, आता काय काय वाचणार?" मी ऐटीत म्हटलं, "सगळं." सगळं वाचता येणं ही माणसाच्या सोयीची गोष्ट नाही, हे तेव्हा मला कोणी सांगितलं नाही.

मी विठ्ठल धोंडू पिलणकर. तीस वर्षं मासेमारीच्या लाँचीवर तांडेल होतो, म्हणजे बोट आणि बोटीवरची माणसं माझ्या हुकमात. गुडघे गेले तसा किनाऱ्यावर आलो आणि बर्फाच्या कारखान्यात देखरेखीला लागलो. रूपेश जिल्हा परिषदेत क्लार्क झाला, आणि आम्ही रत्नागिरीत वरच्या अंगाला दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहायला आलो. तिथे माझ्या हुकमात कोणी नव्हतं. फार तर पाण्याचा पंप, तोही आठवड्यातून दोन दिवस.

मुलगी पोफळीची, नाव नेत्रा. तिचे वडील तिथल्या वीजघरात फोरमन. ते घर बघायला आले, चहा प्याले, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आमची एकच अट आहे. ज्या घरात दारू आहे त्या घरात मुलगी देणार नाही. माझे वडील दारूपायीच गेले."

एवढं बोलून ते माझ्याकडे बघत राहिले. का, ते मला कळलं नाही. माझं नाक थोडं लाल आहे, पण ते उन्हाने. मी म्हटलं, "आठ वर्षं झाली, शिवलोसुद्धा नाही."

बकुळा, म्हणजे माझी बायको, पोहे वाढत होती. तिचा डाव हवेत थांबला. मग तो पोह्यांत गेला आणि तिने व्याह्यांना आणखी एक डाव वाढला.

खरं सांगायचं तर मी रोज संध्याकाळी कारखान्याच्या मागे दोन ग्लास घेत होतो. शिवाय घरी गुडघ्यांसाठी माशाचं तेल घेतो असं जाहीर केलेलं होतं. बाटली तेलाचीच होती.

आमच्या खालच्या मजल्यावर सखाराम राहत. तहसील कचेरीतून निवृत्त, सोसायटीचे सेक्रेटरी, आणि सल्ला न मागता मिळण्याचं ठिकाण. ते म्हणाले, "पिलणकर, तोंडी बोलण्याला किंमत नसते. व्याह्यांपुढे कागद ठेवा."

"कसला कागद?"

"मुंबईची एक डॉक्टरीण आली आहे. दर्यावरच्या लोकांचं पिणं मोजते. हाताला एक पट्टा बांधतात आणि शेवटी रक्त घेतात. पिणारे तिला भरपूर मिळाले, न पिणारे मिळत नाहीत. तुम्ही न पिणाऱ्यांत नाव द्या. शेवटी दाखला मिळतो, सहीशिक्क्याचा."

"पण सखारामभाऊ, मी..."

"ते मला माहीत आहे," ते म्हणाले. माहीत असणारच. कारखान्यामागे माझ्या शेजारच्या खोक्यावर तेच बसत. पण ज्याने जन्मभर दाखले लिहिले, त्याला दाखला आणि वस्तुस्थिती यांचा मेळ घालायची सवय राहत नाही.

त्यांनी आणखी एक शंका काढली. माझ्या नावावर दारू पिण्याचा परवाना होता. रीतसर, आयुष्यभराचा. बोटीवर असताना काढला होता, माझ्या नावाचा पहिला सरकारी कागद म्हणून मी त्याला फ्रेम करणार होतो. "न पिणारा माणूस आणि परवानाधारक? आधी तो परत करा." म्हणून मी परवान्याच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या माणसाने परवाना उलटसुलट केला.

"काय करायचं ह्याचं?"

"परत घ्या."

"हरवला काय?"

"नाही. हा काय तुमच्या हातात."

"मग परत कशाला? परत करायचा फॉर्म नाही आमच्याकडे. आजवर कोणी केलाच नाही." त्याने आतल्या साहेबाला बोलावलं. साहेबाने मला नीट न्याहाळलं आणि हळू आवाजात विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" परवाना खिशात घेऊन मी परत आलो. सरकारने माझी दारू सोडवली नाही, हे मी वहीत लिहून ठेवलं आहे.

डॉक्टरीणबाईंचं नाव नीरजा. मालगुंडच्या आंब्याची कलमं असलेल्या घरातली मुलगी, मुंबईत शिकलेली. मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये तिने टेबल मांडलं होतं. पट्टा म्हणजे एक जाडजूड घड्याळच, फक्त त्यात वेळ दिसत नव्हती. ती म्हणाली, "काका, माणूस जे पितो त्यातलं थोडं घामावाटे कातडीतून बाहेर येतं. हा पट्टा दर काही मिनिटांनी ते हुंगतो आणि लिहून ठेवतो. चौदा दिवस काढायचा नाही, भिजवायचा नाही. मग रक्त घेऊ. रक्तात दोनतीन आठवड्यांच्या पिण्याची खूण राहते. दोन्ही ताडून बघायचं. तुम्ही पीत नाही, म्हणजे तुमचा पट्टा कोरा आला पाहिजे. तुमच्यासारख्यांवरच आमचा भरवसा."

भरवसा हा शब्द ऐकून मला घाम आला. पट्ट्याने तो हुंगला असेल.

मी विचारलं, "ताई, माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, त्याच्यासाठी विचारतो. पट्टा उजव्या हाताला असला आणि तो डाव्या हाताने प्याला, तर?"

ती हसली. "त्या माणसाला सांगा, घाम सगळ्या अंगाला एकच."

पहिला दिवस मी निभावला. संध्याकाळी घरी बसून भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, मागच्या जाहिरातींसकट. दुसऱ्या दिवशी दुपारी हात असा थरथरायला लागला की चहाची बशी वाजू लागली. बकुळा म्हणाली, "थंडी वाजते काय? माशाचं तेल घ्या थोडं." तिच्या तोंडाकडे बघून काही कळत नव्हतं. मी चप्पल घातली आणि केरूकडे गेलो.

केरू गणू भाटकर बकुळाचा धाकटा भाऊ. बायको बाळंतपणात गेली, पुन्हा लग्न केलं नाही. खाडीकडेच्या घरात जाळी विणत आणि दुरुस्त करत बसे. जन्मात दारूला शिवला नव्हता. वाडीत न पिणारा तो एकटा, त्यामुळे लोक त्याच्यावर फारसा विश्वास ठेवत नसत. मात्र एका कामात त्याच्याशिवाय पान हलत नसे. देवदिवाळीला वाडीच्या हद्दीवर राखणदाराला राखण देतात. कोंबडा, विडी आणि दारूची बाटली. ती बाटली देवापर्यंत भरलेली पोचावी म्हणून ती नेण्याचा आणि ओतण्याचा मान न पिणाऱ्याचा.

केरूने सगळं ऐकून घेतलं. सुई चालूच होती.

"म्हणजे पट्टा मी घालायचा नि पीत नाय तुमी?"

"पट्टा तू घालायचा. बाकी बोलू नको."

"रक्त पण माझंच?"

"थोडंसं. भाच्याच्या लग्नासाठी मामाने एवढं करायला नको?"

"भावोजी, मामाने मुंडावळ्या नि कपडे करायचे असतात. रक्ताचं मी ऐकलं नव्हतं." तरी त्याने हात पुढे केला. मनगट इतकं बारीक झालं होतं की पट्टा शेवटून दुसऱ्या भोकात लावावा लागला. दहा दिवसांनी तो शेवटच्या भोकात गेला. मी म्हटलं, परदेशी माल, सैलावतो.

दर रविवारी नीरजाताई पट्ट्यातली नोंद यंत्रात उतरवून घेई. हॉलमागच्या जिन्याखाली आम्ही पट्टा बदलत असू. केरूच्या हातातून माझ्या हातात, अर्ध्या तासाने परत. माझ्या मनगटाला तो पहिल्या भोकातही आवळायचा. हात निळा पडायचा आणि मी तो खिशात घालून शास्त्राची सेवा करत बसायचो. बाकी पंधरवडाभर मी निर्धास्त होतो. इतका की कारखान्यामागे दोनाचे तीन ग्लास झाले. सखारामांनी हिशोब समजावला, "तुमचं न पिणं केरू करतो आहे, तर केरूच्या वाटचं कोणीतरी प्यायला हवं."

मग देवदिवाळी आली. एकवीस नोव्हेंबर. केरू मानाप्रमाणे दिवेलागणीला हद्दीवर गेला, गाऱ्हाणं झालं, आणि त्याने बाटली उघडून दगडावर ओतली, उजव्या हाताने. वारा समोरून होता. मनगट, पट्टा, बाही, सगळं न्हाऊन निघालं. मी शेजारीच उभा होतो, पण माझं सगळं लक्ष कोंबड्यावर.

पुढच्या रविवारी नीरजाताईने मला यंत्राच्या पडद्यावर रेघ दाखवली. बाकीचे तेरा दिवस सपाट, आणि देवदिवाळीच्या मंगळवारी संध्याकाळी सरळ उभा कडा.

"काका, हे काय?"

खोट्याला वंगण घातलेलं असतं. "ताई, ती राखण. देवाला दारू ओतायचा मान असतो. न पिणाऱ्याचाच."

"तो मान तुमचा?"

"हो," मी म्हटलं. दुसऱ्याचं रक्त घेतलं की मानही बरोबर येतो.

ती खूश झाली. म्हणाली, "मला वाटलंच. प्यालेल्याची रेघ हळूहळू चढते आणि तासन्‌तास उतरत राहते. ही एका क्षणात चढली आहे. बाहेरून सांडलेलं पट्ट्याला असं फसवतं, हे तुमच्यामुळे कळलं. मी माझ्या लेखात हे घालणार." त्या दिवशी मी घरी छाती काढून गेलो. शास्त्रात माझी भर पडली होती.

रक्ताच्या दिवशी ताई नव्हती, नवीन तंत्रज्ञ मुलगा होता. केरू माझ्या नावाने रांगेत बसला. नाव, वय, गाव त्याने घडाघडा सांगितलं; आदल्या दिवशी मी पाठ करून घेतलं होतं.

"बायकोचं नाव?"

हे आम्ही पाठ केलं नव्हतं. केरूने खिडकीकडे बघितलं. सख्ख्या बहिणीचं नाव त्या ठिकाणी कसं घालणार? खिडकीबाहेरून मी ओठ हलवून दाखवत होतो, बकुळा, बकुळा. तो लाल झाला, मान खाली घातली आणि म्हणाला, "ती घरी असते."

"ती सगळ्यांचीच असते," मुलगा म्हणाला आणि सुई घातली.

लग्नाची तारीख निघाली, अकरा फेब्रुवारी. आणि आठ जानेवारीला, सोमवारी, पोस्टमन पाकीट देऊन गेला. आत दोन कागद होते. पहिला दाखला. विठ्ठल धोंडू पिलणकर, न पिणाऱ्यांचा गट, सही, शिक्का. दुसरी नीरजाताईची हाताने लिहिलेली चिठ्ठी. ती मी इथे आहे तशी उतरवतो.

'विठ्ठलकाका, तुमच्या रक्तात दारूची खूण नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. पण यकृताचे आकडे फार वाढले आहेत. कारण दारू नाही, दुसरं काही आहे, जुन्या काविळीसारखं. अंगावर काढू नका. चिठ्ठी मिळताच तपासणीला या, मी थांबले आहे. नीरजा.'

मी ती तीनदा वाचली. अक्षर सुंदर होतं. वाचता येत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

बकुळा तांदूळ निवडत होती. तिला वाचता येत नाही. वर्गाला ती आली नाही. मी वर्गात बसायचो तेव्हा मासळीची पाटी तीच फिरवायची.

"काय आलं?"

"दाखला."

"दोन कागद दिसतायत. दुसरा कसला?"

मी चिठ्ठी डोळ्यांसमोर धरली आणि वाचली. एकेका शब्दावर बोट ठेवून, जसं बाईंनी शिकवलं तसं. "विठ्ठलकाका, तुमची तब्येत एकदम उत्तम आहे. असेच राहा. घरी सर्वांना नमस्कार."

"चांगली आहे पोरगी," बकुळा म्हणाली. सुपातला एक खडा काढून तिने बाजूला ठेवला. "आपल्या केरूला पण तिच्याकडे न्या की. हल्ली दोन घासांवर उठतो. दाखवा तरी त्याचं रक्त."

"लग्न होऊ दे," मी म्हटलं.

मी का नेलं नाही, ते लिहितो. हॉलमधला तो मुलगा केरूला विठ्ठल म्हणून ओळखत होता. केरू तिथे गेला असता तर दोन विठ्ठल झाले असते, दाखला फाटला असता, पोफळीला कळलं असतं. एवढंच कारण. ह्याहून मोठं कारण मी पुष्कळ दिवस शोधलं, सापडलं नाही.

दाखला मी व्याह्यांना दाखवला. फोरमननी चष्मा लावून वाचला आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. "असा सासरा माझ्या पोरीला मिळाला," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सखारामांनी दाखल्याच्या पाच झेरॉक्स काढून आणल्या.

नीरजाताईचा फोन सखारामांकडे दोनदा आला. दुसऱ्यांदा मी घेतला. "काका, तुम्ही आला नाहीत."

"लग्न आहे ना ताई. झालं की येतो."

"लग्नात तुम्ही उभे राहायला हवेत, म्हणून तर बोलावते आहे. कसं वाटतं तुम्हाला? भूक लागते?"

"सडकून," मी म्हटलं. ते मात्र खरं होतं.

हळदीच्या दिवशी केरू आला तो भिंत धरून. रूपेशसाठी कपडे, मुंडावळ्या, सगळं घेऊन. बायकांनी त्याला हळद फासली. कोणीतरी म्हणालं, "मामाच्या डोळ्यांत पण गेली हळद." सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकं संपेपर्यंत तो नवऱ्यामुलाच्या मागे उभा राहिला, आणि मग मंडपातल्या खुर्चीत बसला तो जेवायलाही उठला नाही.

बारा फेब्रुवारीला सकाळी मी चिठ्ठी घेऊन खाडीवर गेलो आणि केरूला ती खरी वाचून दाखवली. तो जाळ्याच्या ढिगाला टेकून ऐकत होता.

"कधी आली ही?"

"महिना झाला."

तो ढिगावरून थोडा सावरून बसला. मग म्हणाला, "भावोजी, मना तवाच सांगायचं होतं तुमी. मी चिपळूणला गेलो असतो की. माझ्या नावाने. तिथे मना कोण ओळखतो?"

मी तीस वर्षं बोटी खडकांतून काढल्या. चिपळूण मला सुचलं नव्हतं.

रिक्षाने आम्ही नीरजाताईकडे गेलो. मी सगळं सांगितलं, जिन्याखालचं, राखणीचं, मानाचं. तिने केरूची जीभ बघितली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, पोट दाबून बघितलं. मला तिने एकच विचारलं, "चिठ्ठी कधी मिळाली?"

"आठ जानेवारी."

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने मोजलं. "पस्तीस दिवस. ह्या दिवसांनी फरक पडला असता का, ते मी सांगू शकत नाही. पडला नसता, असंही सांगणार नाही." मग माझ्या नावाचं पान तिने फाइलमधून काढलं आणि त्यावर आडवी रेघ मारली. माझ्याशी ती पुन्हा 'काका' म्हणून बोलली नाही.

संध्याकाळी घरात बकुळा होती, रूपेश होता, एका दिवसाची सून होती. मी बकुळाला सांगितलं. ती ओरडली नाही. पाटावर बसली आणि म्हणाली, "तेलाच्या बाटलीत काय असतं ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक हाय. जन्मभर मासळी विकली, नाक शाबूत हाय माझं. त्याचं मला काय नाय. ती चिठ्ठी काढा."

मी काढली.

"आता वाचा. लिहिलंय तसं."

सुनेसमोर मी ती वाचली. 'अंगावर काढू नका' इथे मी थांबलो. बकुळा म्हणाली, "पुढे." मी पुढे वाचलं. संपल्यावर तिने कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि कमरेच्या पिशवीत ठेवला. तो तिने मला परत दिला नाही.

नेत्राने वडिलांना कळवलं. ते आठ दिवसांनी आले, माझ्याशी एक शब्द न बोलता केरूकडे गेले आणि त्याच्यापाशी दोन दिवस बसले. जाताना नेत्राला घेऊन जायचं होतं त्यांना, तीच म्हणाली, "मामांची पथ्याची भाकरी कोण करणार?" आणि राहिली. दाखला मी नीरजाताईला परत पाठवला. झेरॉक्स सखारामांकडे अजून दोन असतील.

मी प्यायचं थांबलो का, असं लोक विचारतात. लगेच नाही. केरू अंथरुणावर असतानाही मी चार वेळा प्यालो, चारही तारखा वहीत आहेत. नंतर थांबलो.

केरू गणू भाटकर, वय वर्षं बावन्न, जन्मात दारू न प्यालेला, यकृताच्या आजाराने मंगळवार, १७ जुलै २००७ रोजी दुपारी आपल्या घरी वारला.